‘तू फक्त अभ्यास कर’ म्हणणाऱ्या पालकांना खुले पत्र

प्रिय पालकहो,

सप्रेम नमस्कार.

मी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. दरवर्षी तुम्ही सतरा-अठरा वर्षांची मुलं-मुली माझ्या दारात आणून सोडता आणि निघताना बहुतेक जण एकच सांगता, “घरी कधी कशाला हात लावू दिला नाही हो, नुसता अभ्यास. जरा सांभाळून घ्या.” बोलताना आवाजात थोडी काळजी असते आणि बराचसा अभिमान. हे पत्र त्या अभिमानाबद्दल आहे.

तुम्ही गेल्यानंतरचे काही आठवडे तुम्हाला दिसत नाहीत, कारण फोनवर मुलं “सगळं ठीक आहे” एवढंच सांगतात. मला ते दिसतात. ओला टॉवेल कपाटात कोंबलेला असतो आणि चार दिवसांनी खोलीला वास का येतोय याचा कुणालाच पत्ता लागत नाही. महिन्याचे पैसे पंधरवड्याच्या आत संपतात. ताप आला की आधी घरी फोन जातो, “कुठली गोळी घेऊ?” आणि तिकडून तुम्ही, ताप किती आहे हे न विचारताच, गोळीचं नाव सांगता. सकाळी मुलांना उठवायला तुमचे फोन येतात. मुलानं उचलला नाही की तो मला येतो. खोलीतल्या जोडीदाराशी खटका उडाला तर त्याच्याशी बोलायचं सोडून तुम्हाला कळवलं जातं, तुम्ही मला कळवता, मी त्या दुसऱ्या मुलाला बोलावते, तो त्याच्या आईला सांगतो. एवढी मोठी माणसं कामाला लागतात आणि भांडण असतं खिडकी रात्री उघडी ठेवायची की बंद, याचं.

ही मुलं आळशी नसतात. बिघडलेली तर अजिबात नसतात. आजवर एकही काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्या हाती कुणी सोपवलेलं नसतं, एवढीच गोष्ट आहे. मग अठराव्या वर्षी सगळीच कामं एकदम अंगावर येतात, तीही परक्या जागी, परीक्षेच्या तोंडावर.

‘जीवनकौशल्ये’ या नावाखाली आता वर्ग निघालेत, शिबिरं निघालीत, प्रमाणपत्रंही मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात अशा १० कौशल्यांची यादी केली: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, संवाद, माणसांशी नातं राखणं, स्वतःची ओळख, समानुभूती, भावना सांभाळणं, ताण सांभाळणं. यादी चांगली आहे. तिच्यात स्वयंपाक नाही की कपडे धुणं नाही, आणि इथंच बऱ्याच पालकांची गल्लत होते. त्यांना वाटतं, घरकाम वेगळं आणि ही वरच्या दर्जाची कौशल्यं वेगळी. पहिलं कुणीही शिकतं, दुसऱ्यासाठी फी भरून वर्ग लावावा. पण घरातल्या पाच माणसांचं जेवण वेळेवर तयार करायला घेतलंत की त्या यादीतलं बहुतेक सगळं लागतं. काय आहे, काय नाही ते बघायचं, एक जिन्नस संपलाय म्हणून बेत बदलायचा, कुणाला काय चालत नाही ते ध्यानात ठेवायचं, दोन गोष्टी एकाच वेळी शिजत असताना डोकं शांत ठेवायचं आणि शेवटी “मीठ कमी पडलं” हे ऐकून घ्यायचं. निर्णय घेण्यावरचं दोन दिवसांचं शिबिर यापेक्षा वेगळं काय शिकवणार आहे, मला खरंच समजत नाही.

मूल शिकायला कधी तयार होतं? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार लवकर. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग मला फार आवडतात. दीड वर्षाच्या मुलांसमोर एका अनोळखी माणसाच्या हातून वस्तू खाली पडे आणि त्याचा हात तिथवर पोचत नसे; किंवा त्याचे दोन्ही हात भरलेले असत आणि कपाटाचं दार बंद असे. कुणी काही सांगत नव्हतं, बक्षीस नव्हतं, तरी बहुतेक मुलांनी निदान एकदा तरी आपणहून मदत केली. दोन वर्षांनी त्याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. २० महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल खेळणं मिळालं, ती पुढच्या वेळी कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांची मदत तशीच चालू राहिली.

आता आपल्या घरात काय होतं ते आठवून बघा. दोन-अडीच वर्षांचं मूल तुमच्या हातातला झाडू ओढतं. त्यानं झाडलं की कचरा जास्तच पसरतो आणि आपल्याला घाई असते. “जा, तू तिकडे खेळ,” आपण म्हणतो. हे बरीच वर्षं चालतं. मग तेच मूल चौदाचं होतं आणि आपण म्हणतो, “इतका मोठा झालास, साधं ताट उचलत नाहीस?” मधली बारा वर्षं आपण त्याला एकच धडा दिलेला असतो: हे काम तुझं नव्हे. तो धडा त्यानं नीट गिरवलाय.

खेळणं मिळालेल्या त्या मुलांची मदत कमी झाली, म्हणून पैसे देऊन कामं करून घेण्याच्या युक्तीबद्दल मी साशंक आहे. पलंग आवरला की इतके, भांडी लावली की तितके, असा तक्ता भिंतीवर लावणारे पालक मला भेटतात. तक्ता काही आठवडे छान चालतो. मग एक दिवस मूल विचार करून सांगतं, “आज मला पैसे नकोत.” व्यवहारात ते बरोबरच असतं, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. घरातलं काम घरात राहणाऱ्याचं असतं; हातखर्चाला द्यायचे पैसे वेगळे द्यावेत आणि ते पैसे सांभाळायला शिकावं म्हणून द्यावेत. शिक्षा म्हणून काम देणं तर त्याहून वाईट. “खोटं बोललास ना, आता आठवडाभर भांडी घास,” असं एकदा म्हटलं की भांडी घासणाऱ्याकडे बघायची त्या मुलाची नजरच बदलते.

मदत आणि जबाबदारी यांत मी फरक करते. “जरा हे कपडे दोरीवर टाक” ही मदत झाली. डोकं तुमचंच चालतंय, मुलाचे फक्त हात. जबाबदारी म्हणजे घरातले कपडे धुण्याचं सगळं काम. खिसे तपासणं, रंग सोडणारं वेगळं काढणं, कपड्याच्या आतल्या पट्टीवरच्या खुणा वाचणं, रंगीत कपडे उलटे करून वाळत घालणं, वाळल्यावर त्याच दिवशी काढून घड्या करणं, त्या ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणं. आणि सर्वांत महत्त्वाचं, साबण संपत आलाय हे संपायच्या आधी लक्षात येणं. घर चालवणाऱ्या माणसाला थकवतं ते हे ‘लक्षात ठेवणं’. ते कुणाला दिसत नाही, म्हणून ते मुलांना शिकवलंही जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत ज्यांना सांगितलेलं काम जमतं अशी बरीच असतात. न सांगता दिसतं अशी फार थोडी. तेव्हा एकच काम द्या, पण पूर्ण द्या, निदान काही महिन्यांसाठी द्या, आणि मग त्याची आठवण करून द्यायची नाही. शाळेचा गणवेश ओला राहिला तर ओलाच.

शिकवायचं कसं, यावर एक जुना उपयोगी अभ्यास आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना मोठ्यांनी काय करावं, याची मांडणी केली. तिचं घरगुती सार मी असं सांगते: मूल अडलं की मदत एक पायरी वाढवायची, जमलं की लगेच एक पायरी मागे घ्यायची. आपण नेमकं उलटं करतो. सुरुवातीला “तुला येईल रे” म्हणून सोडून देतो आणि त्याला जमायला लागलं की “अरे, असं नाही, दे इकडे” म्हणत हातातून काढून घेतो. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मरिया मॉन्टेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपली पहिली बालशाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीत लहान मुलांच्या हाती खरी, फुटणारी भांडी दिली जातात. पाणी ओतणं, बटणं लावणं, टेबल पुसणं हे तिथं अभ्यासक्रमात असतं. फुटणारं भांडं धरणारा हात सांभाळून चालतो. प्लास्टिकचं भांडं धरणाऱ्या हाताला सांभाळायची गरजच पडत नाही.

स्वयंपाकघराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त भीती तिथं असते आणि ती खोटीही नाही. सुरी धारदार हवी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती घसरते. चिरताना दुसऱ्या हाताची बोटं आत वळवलेली असावीत. तेल पेटलं तर त्यावर पाणी कधीच टाकायचं नाही. शेगडी बंद करायची आणि भांड्यावर झाकण सरकवायचं. हे एकदा सांगून भागत नाही. शेगडी बंद असताना झाकण सरकवण्याचा सराव खरोखर करून घ्यायला हवा, कारण प्रसंगाच्या वेळी डोकं चालत नाही, हात चालतो. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्यानं वाढतात. फ्रीजमध्ये ते मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ मंदावते, म्हणून “फ्रीजमध्ये तर होतं” हा वसतिगृहातल्या पोटदुखीचा नेहमीचा बचाव मी मान्य करत नाही. जाता जाता स्वच्छतागृहाबद्दलही एक: ब्लीच आणि आम्ल असलेला क्लीनर कधीही एकत्र करायचा नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. “दोन्ही टाकलं तर जास्त स्वच्छ होईल” असं वाटणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. रसायनशास्त्रात त्यांना उत्तम गुण होते.

आणि हो, हे सगळं मुलग्यांनाही. हे वाक्य अजून लिहावं लागतं याचं मला वाईट वाटतं. मुलीला स्वयंपाक आणि मुलाला बँकेचे व्यवहार अशी वाटणी करणाऱ्या घरातून दोन अर्धवट माणसं बाहेर पडतात.

पैशाचं शिकवायला पैसा हातातच द्यावा लागतो. रक्कम लहान असो, पण ठरलेली, ठरल्या दिवशी, आणि संपली की संपली. ती मधेच भरून दिलीत तर धडा पुसला जातो. दहा वर्षांच्या वयात आठवडाभर खिसा रिकामा राहणं आणि अठराव्या वर्षी महिनाभर राहणं यांत पहिलं फार स्वस्त पडतं. मुलं जरा मोठी झाली की घरातलं एखादं बिल त्यांच्या हाती द्या. वाचू द्या, मागच्या महिन्याशी ताडून पाहू द्या, भरू द्या. चक्रवाढ व्याज शाळेत शिकवतात, पण ते आपल्या अंगावर कसं येतं हे घरीच कळतं. ७२ ला व्याजाच्या वार्षिक दरानं भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते मिळतं. ६ टक्के दराच्या बचतीला १२ वर्षं लागतात. महिना ३ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ टक्के व्याजानं थकलेलं क्रेडिट कार्डाचं कर्ज साधारण दोनच वर्षांत दुप्पट होतं. हा हिशेब मुलाला स्वतः करू द्या. फोनवरच्या फसवणुकीबद्दल शिकवताना प्रत्येक नवी युक्ती सांगत बसू नका, त्या रोज बदलतात. बदलत नाही ती घाई. “आत्ताच्या आत्ता करा, नाहीतर खातं बंद होईल, आणि कुणाला सांगू नका” असं कुणी म्हणालं की फोन ठेवायचा आणि घरी बोलायचं. ओटीपी आणि पिन कुणालाही सांगायचा नाही, समोरचा कितीही मोठा अधिकारी असल्याचं म्हणत असला तरी.

आजारपणाबाबत आमच्याकडे खरोखर काळजीचे प्रसंग येतात. भाजलं तर त्या जागेवर २० मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकायचं नसतं. किंचित पुढं झुकून नाकाचा मऊ भाग १० मिनिटं सलग दाबून धरायचा. पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांनी मिळतं आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही असतं. तापाची एक, सर्दीची एक, अंगदुखीची एक असं घेणाऱ्याच्या पोटात ते तिप्पट जाऊ शकतं. निरोगी प्रौढासाठीसुद्धा २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा जास्त नाही, त्यापलीकडे यकृताला इजा होऊ शकते. म्हणून गोळीच्या पाकिटावरचं ब्रँडचं नाव नव्हे, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचायला शिकवा. डॉक्टरकडे गेल्यावर काय होतंय ते मुलाला सांगू द्या. सात वर्षांचं मूलही “इथं दुखतं, रात्री जास्त दुखतं” एवढं सांगू शकतं. मासिक पाळीबद्दल मुलीशी पाळी येण्याच्या आधी बोला, आणि मुलाशीही बोला.

झोपेबद्दल फार लिहीत नाही. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात आणि स्वतःच्या गजरावर उठायला शाळेत असतानाच शिकता येतं.

माणसांशी वागण्याचं मात्र थोडं जास्त सांगते. माझ्याकडे येणाऱ्या अनेक मुलांना कार्यालयातल्या खिडकीशी जाऊन “माझा अर्ज कुठं अडकलाय?” एवढं विचारता येत नाही. त्यांच्या वतीनं नेहमी कुणीतरी बोललेलं असतं. फोन त्यांना करू द्या, वस्तू परत करायला त्यांना पाठवा, वाटलं तर आधी घरी संवादाची तालीम घ्या. नाही म्हणायलाही शिकवा, आणि ते फक्त परक्यांशी नाही. घरात ज्याचा नकार कधीच ऐकला गेला नाही, तो बाहेर कुणाला नकार देणार? अंगाला झालेला नकोसा स्पर्श, ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून सांगितलेलं गुपित, याबद्दल मूल तुमच्याशी बोलेल ते त्याची लहानसहान तक्रार तुम्ही आजवर कशी ऐकली यावर. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत १२ वं कलमच आहे, मुलाला आपल्यासंबंधीच्या बाबीत मत मांडण्याचा हक्क आणि वय व समज पाहून त्या मताला वजन देण्याचं बंधन. जेवणाच्या टेबलावर ते पाळायला सरकार लागत नाही.

एक गोष्ट पालक विसरतात. तुमची भांडणं मुलं पाहतात. समेट मात्र तुम्ही दार लावून करता. मग त्यांना वाटतं, भांडण आपोआप विरतं किंवा कधीच विरत नाही. “मघाशी मी आवाज चढवला, चुकलं माझं,” हे वाक्य त्यांच्यासमोर बोला. खिडकीवरून भांडणाऱ्या माझ्या मुलांनी हे वाक्य कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलंच नसतं.

“वेळ कुठं आहे? अभ्यास, शिकवण्या, आमच्या नोकऱ्या,” असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, सुरुवातीला मुलाकडून करून घेण्यात आपण केल्यापेक्षा दुप्पट वेळ जातो. म्हणून हे परीक्षेच्या वर्षी सुरू करू नका, सुट्टीत करा, आणि एका वेळी एकच. ज्या मुलांना शरीराच्या किंवा शिकण्याच्या काही अडचणी आहेत त्यांच्या पायऱ्या लहान करा, पण पायऱ्या काढून टाकू नका. अशा मुलांची कामं घरातले लोक मायेनं सगळ्यात जास्त हिसकावून घेतात. आणि ज्या घरांत मुलं आधीच धाकटी भावंडं सांभाळतात, स्वयंपाक करतात, मोठ्यांची दुखणी काढतात, त्या घरांसाठी हे पत्र नाही. तिथं उलट मुलाच्या अंगावरचं काम कमी कसं होईल ते बघायला हवं. मी एक साधी कसोटी लावते: कामापायी शाळा, झोप किंवा खेळ यांतलं काही बुडत असेल तर ते काम मुलाचं नाही, मोठ्यांचं आहे.

यंदा प्रवेशाच्या दिवशी मी काही गोष्टी बदलणार आहे, तेवढ्या आधीच कळवून ठेवते. फॉर्म विद्यार्थ्यानं स्वतः भरायचा. गादीवर चादर त्यानंच घालायची, कपाट त्यानंच लावायचं. तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल, चहा मिळेल. खोलीतल्या जोडीदाराशी ओळख करून द्यायला आत येऊ नका. मी प्रश्न विद्यार्थ्याला विचारीन आणि त्याला उत्तर द्यायला वेळ लागला तर थांबेन, तुम्हीही थांबा. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, कुठलं औषध रोज चालू आहे, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे. त्याला ते ठाऊक नसेल, तर येण्याआधीच्या आठवड्यात एकदा घरी बसून सांगा.

आपली,
एक रेक्टर